रक्तातली गोल्टी

लोणंदच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव सुरू झाला की कुणी लांबलचक वाक्य बोलत नाही. खरेदीदार ढिगापाशी येतो, वरचे देखणे कांदे बाजूला सारतो, आतला एक उचलतो, अंगठ्यानं पत्ती दाबून बघतो आणि एक शब्द टाकतो. गोल्टी. किंवा जोड. किंवा चिंगळी. त्या शब्दावर त्या वक्कलाचा भाव ठरतो, भावावर पोरीच्या फीचं ठरतं, आणि शेजारी टॉवेल खांद्यावर टाकून उभा असलेला मालक आभाळाकडे बघू लागतो, जणू हा कांदा त्याच्या वावरात पिकलाच नव्हता, वरून कुठून तरी पडला होता. मला या शब्दांचं पहिल्यापासून अप्रूप. आकाराला शब्द, रंगाला शब्द, पत्ती सुटलेल्याला वेगळा, डोंगळा आलेल्याला वेगळा. हळवा आणि गरवा हे तर कांद्याचे प्रकार की माणसांचे स्वभाव, असा प्रश्न पडावा. इतकी बारीक नजर आणि इतकी नेमकी जीभ असलेलं हे गाव, पण रक्त तपासल्याचा कागद हातात पडला की मुकं होतं.

त्या कागदाला लॅबवाले सीबीसी म्हणतात, जुनी माणसं हिमोग्राम म्हणतात, आणि घरात नुसतं ‘रक्ताचं आलं का?’ असं विचारतात. कागदाची घडी उघडताना सगळे त्याच्यावर ओणवे होतात. ठळक छापलेला आकडा तेवढा वाचला जातो, कारण ठळक म्हणजे वाईट हे ज्ञान आता सार्वत्रिक झालं आहे. मधल्या ओळींकडे कुणी जात नाही. एमसीव्ही, एमसीएच, एमसीएचसी, आरडीडब्ल्यू. आणि तळाशी, सही-शिक्क्याच्या थोडं वर, ते वाक्य असतं: मायक्रोसायटिक हायपोक्रोमिक, ॲनिसोसायटोसिस प्लस. हे वाचून एका शेजारणीनं मला गंभीरपणे विचारलं होतं, “भाऊजी, हे आपल्याकडं बरं होतं का पुण्याला न्यावं लागंल?”

आता या ओळींत काय असतं? मॅक्सवेल विन्ट्रोब नावाच्या डॉक्टरांनी १९३०च्या सुमारास तांबड्या पेशींची निवडणी करायची रीत बसवून दिली, तीच आजवर चालली आहे. एमसीव्ही म्हणजे एका पेशीचं सरासरी आकारमान. ते ८० ते १०० फेम्टोलिटर असावं. फेम्टोलिटर हे माप डोळ्यांसमोर आणायच्या भानगडीत पडू नये. एकावर पंधरा शून्यं देऊन लिटराचे तेवढे भाग केले, तर त्यातला एक. ८०च्या खाली आला की माल बारीक: मायक्रोसायटिक. म्हणजे गोल्टी. एमसीएच आणि एमसीएचसी हे आतल्या हिमोग्लोबिनचा, म्हणजे रंगाचा हिशेब सांगतात. रंग कमी असला की हायपोक्रोमिक. आणि आरडीडब्ल्यू म्हणजे ढीग किती एकसारखा निवडला आहे. तो आकडा साधारण साडेचौदाच्या वर गेला की लहान-मोठं सगळं एकत्र आलेलं असतं, त्यालाच ॲनिसोसायटोसिस म्हणायचं. शेजारणीला पुण्याला न्यायला निघालेलं ते वाक्य आमच्या खरेदीदारानं एका दमात उरकलं असतं: “गोल्टी हाय, रंग न्हाई, माल मिसळ.” गंमत म्हणजे तांबडी पेशी शरीरात जगते सुमारे १२० दिवस, आणि लागणीपासून काढणीपर्यंत रब्बीच्या कांद्यालाही जवळजवळ तेवढेच दिवस लागतात. फरक इतकाच, की शरीर दर सेकंदाला वीसेक लाख नव्या पेशी बाजारात आणतं आणि भाव पडला म्हणून कधी आवक थांबवत नाही.

वैद्यकातले शब्द तोंडाकडून वाचायला गेलं की माणूस दमतो. ते शेपटीकडून वाचावेत. शेपटीला आयटिस असेल तर तिथं दाह आहे, मग पुढचा डबा कुठलाही असो: टॉन्सिल, अपेंडिक्स, सांधा. ओसिस म्हणजे अवस्था. एक्टॉमी म्हणजे तो अवयव आता आपल्याजवळ नाही, बिल मात्र आहे. ओमा म्हणजे गाठ किंवा सूज. हिचं नाव वाईट झालं आहे खरं, पण ठेच लागून रक्त साकळलं तरी ते हेमॅटोमाच. आयटिसची कथा तर आमच्याकडच्या आडनावांसारखी आहे. मूळ ग्रीकमध्ये तो नुसता विशेषण करणारा प्रत्यय. ‘सांध्याचा आजार’ असं दोन शब्दांत म्हणायचे, पुढं ‘आजार’ गळून पडला आणि ‘सांध्याचा’ एवढंच उरलं. फलटणच्या माणसाचं मूळ आडनाव गळून नुसतं फलटणकर राहावं, तसं. मुंबईत १९५२ साली डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं रक्त सापडलं, की ते तपासायला ओ गटासारखं दिसायचं, पण ओ गटाचं रक्तही त्याला चालत नव्हतं. त्या रक्ताचं नावही याच रीतीनं पडलं: बॉम्बे ब्लड ग्रुप. म्हणजे रक्तातला मुंबईकर. १९९५ला शहराचं नाव अधिकृतपणे बदललं, पाट्या बदलल्या, रक्त मात्र बॉम्बेच राहिलं.

शेपट्यांमध्ये मला सगळ्यांत लोभस वाटते ती अल्जिया. अल्जिया म्हणजे आपली ‘दुखी’. पोटदुखी, डोकेदुखी, अंगदुखी. माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला मुक्कामाला येते तेव्हा तळाभोवती फिरत्या दवाखान्यांच्या रांगा लागतात. तिथं एकदा एक म्हातारे वारकरी पोटऱ्या पुढं करून बसले होते आणि एक कोवळा डॉक्टर, बहुधा नुकताच पास झालेला, कागदावर लिहीत होता.

“काय लिवलं, माउली?”

“मायाल्जिया.”

“म्हंजी?”

“म्हणजे स्नायू दुखतात.”

“त्ये मीच की सांगितलं मगाशी,” म्हातारबुवा म्हणाले, आणि गोळ्यांची पुडी कमरेच्या करगोट्याशी खोचून चांदोबाच्या लिंबाकडच्या वाटेची चौकशी करायला लागले. दुसऱ्या दिवशी तिथं पहिलं उभं रिंगण होतं, आणि मायाल्जिया काही त्यांना अडवणार नव्हता.

पण याच अल्जियानं एकदा फार सुंदर काम केलं आहे. १६८८ साली योहानेस होफर नावाच्या तरुण वैद्याला घरापासून दूर राहिलेल्या स्विस लोकांत एक आजार दिसला. माणसं खंगत, जेवत नसत. घरी परतणं आणि दुखणं, या दोन ग्रीक शब्दांची मोळी बांधून त्यानं आजाराला नाव दिलं: नॉस्टाल्जिया. घरदुखी म्हणा. पुढं तो आजार वैद्यकाच्या पुस्तकांतून निसटला आणि कवींच्या घरी कायमचा राहायला गेला. औषध सापडलं नाही की आजारांना अशी बढती मिळते.

मलाही अधूनमधून त्याची उबळ येते, आणि लॅबचा विषय निघाला की हमखास येते. आमच्या लहानपणी रक्त तपासणारं यंत्र असं काही नव्हतं. लॅब म्हणजे एक खोली, खिडकीपाशी एक टेबल आणि लॅबवाले काका. काका बोटाला सुई टोचायचे, बारीक काचेच्या नळीनं तोंडानं ओढून रक्ताचा एक दोरा वर चढवायचे आणि सौम्य आम्लात सोडायचे. रक्त तपकिरी व्हायचं. मग थेंब थेंब पाणी घालत, काडीनं ढवळत, ती नळी दोन तपकिरी काचांच्या मध्ये धरायची आणि खिडकीकडे तोंड करून डोळे बारीक करायचे. रंगाला रंग जुळला की नळीवरचा आकडा वाचायचा, तेच हिमोग्लोबिन. साहलीची पद्धत म्हणतात हिला. हर्मान साहली हा स्विस माणूस, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्या पद्धतीत सगळा भार उजेडावर आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांवर. आषाढात आभाळ भरून आलं की काका कपाळाला आठी घालून म्हणायचे, “उद्या या. आज उजेडाला जोर नाही.” ऊन पडल्याशिवाय रक्त कळत नाही, असा शास्त्रशुद्ध सिद्धान्त मी कितीतरी वर्षं उराशी बाळगला होता. आता काउंटर यंत्र एका बारीक छिद्रातून एकेक पेशी पळवतं, विजेच्या धक्क्यांवरून तिचं आकारमान मोजतं आणि मिनिटभरात कागद बाहेर टाकतं. त्याला ऊन लागत नाही. पण त्या कागदाकडे बघताना, कुणीतरी आपल्या रक्ताकडे खिडकीतून इतका वेळ टक लावून बघितलं होतं, हे सुख राहिलं नाही.

कांदा आणि रक्त यांचं नातं निव्वळ माझ्या कल्पनेतलं नाही. बाजारात भाव कोसळला की सडका, टाकलेला कांदा जनावरांपुढं ओततात. थोडा चालतो. पण गाय-म्हैस अशा कांद्याच्या ढिगावर तुटून पडली, तर काही दिवसांनी तिला लाल-काळी लघवी होते, डोळ्यांच्या कडा फिकट पडतात, ती धापा टाकू लागते. कांद्यातली गंधकाची संयुगं तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला नासवतात. त्याच्या गाठोळ्या पेशीच्या कडेला चिकटतात, त्यांना हाइन्झ बॉडीज म्हणतात, आणि अशा पेशी फुटत जातात. कुत्र्या-मांजरांना तर हे आणखी लवकर बाधतं. मेंढरं-शेळ्या त्या मानानं काटक. आणि माणूस? माणसाच्या बाबतीत कांद्यानं उलटाच पक्ष घेतला आहे. म्हैसूरच्या अन्न-तंत्रज्ञान संस्थेत केलेल्या प्रयोगांत दिसलं, की धान्य-कडधान्याबरोबर कांदा-लसूण असला की त्यातलं लोह पचनानंतर जास्त उपलब्ध होतं. म्हणजे बांधावर बसून बुक्की मारून फोडलेला कांदा आणि बाजरीची भाकरी हा नुसता नाइलाज नव्हता. जो कांदा दावणीच्या गाईचं रक्त पातळ करतो, तोच धन्याला भाकरीतलं लोह मिळवून देतो. यात न्याय कुठं आहे, हे गाईला समजावून सांगणं अवघड.

धन्याला असं म्हणालो. धनिणीचं काय, ते मला आमच्या मामीमुळं ठाऊक आहे.

शाळेत असताना माझ्या पाटीवरच्या पेन्सिली हरवायच्या. दप्तरात नवी पेन्सिल ठेवावी आणि सकाळी तिचा निम्मा तुकडा सापडावा. उंदरांवर संशय घेऊन झाला, धाकट्या भावाला बदडून झालं. एक दिवस दुपारी सगळे निजले असताना मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर मामी चुलीपाशी पाठमोरी बसली होती आणि कुटकुट असा अगदी बारीक आवाज येत होता. ती वळली. ओठाच्या कोपऱ्याला पांढरी भुकटी. मला वाटलं आता रागावेल; पण ती लहान मुलीसारखी हसली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “कुणाला सांगू नगंस. दुसरी आणून देते तुला.” पुढं घरात ते कळलंच. चुलीची भाजकी माती, कोरडे तांदूळ, पेन्सिली. मग वर्षानुवर्षं पंगतीत तो विनोद चालला: आमच्या मामीनं माती खाल्ली. मामीही हसायची. ती पंगत उठल्यावर, पातेल्याच्या तळाशी काय उरलंय ते बघून मग जेवायला बसायची, याकडे मात्र विनोद करणाऱ्यांचं लक्ष नव्हतं, आणि माझंही नव्हतं.

त्या माती खाण्यालाही शेपटी आहे. फेजिया म्हणजे खाणं. माती खाण्याला जिओफेजिया. सगळ्या प्रकाराला मिळून पायका. लोह कमी पडलं की कित्येकांना, त्यातही गरोदर बायकांना, माती, खडू, कच्चा तांदूळ, बर्फ असल्या वस्तूंची विलक्षण ओढ लागते. लोह मिळालं की ती ओढ बहुधा आपोआप जाते. मामीची गेली. दवाखान्यातल्या बाईंनी गोळ्या सुरू केल्या, काही आठवड्यांत पेन्सिली टिकायला लागल्या, आणि मामीला स्वतःलाच नवल वाटलं. “चव गेली रं तिची,” असं ती जरा खंतावून म्हणाली, जणू एक जुनी मैत्रीण दुरावली.

मोठ्या शब्दांबद्दल माझी तक्रार ती एवढीच. शेपटी काय झालंय ते चोख सांगते, का झालंय ते सांगत नाही. ॲनिमियातला अन् म्हणजे आपल्या अनारोग्यातलाच अन्, नकाराचा, एका मुळातून फुटलेला. एमिया म्हणजे रक्त. रक्त नाही, एवढंच तो शब्द म्हणतो. इडिओपॅथिक या शब्दाचा डौल तर बघत राहावा असा, आणि अर्थ काय, तर कारण आम्हालाही ठाऊक नाही. ईएसआर नावाची तपासणी आहे. उभ्या नळीत रक्त ठेवायचं आणि तासाभरात पेशी किती खाली बसल्या ते मोजायचं. त्या भराभर बसल्या तर शरीरात कुठंतरी काहीतरी बिघडलं असावं, कुठं ते तुम्ही शोधा. एकच शेपटी मला चुकून खरं बोललेली वाटते: पेनिया. प्लेटलेट कमी झाल्या की थ्रॉम्बोसायटोपेनिया, हे डेंगीनं आता गावोगाव शिकवलं आहे. पेनिया म्हणजे दारिद्र्य. प्लेटोच्या एका संवादात ती बाई होऊन येते. देवांची मेजवानी चालू असताना दाराशी भीक मागत उभी असते.

तिला ओळखणारी एक बाई १९२८ साली इंग्लंडहून मुंबईला आली. लूसी विल्स. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायका एका जीवघेण्या रक्तक्षयानं आजारी पडत होत्या, त्याचा शोध घ्यायला. तिचं काम परळच्या हाफकिन संस्थेत चाले. भोवती गिरणगाव, कोकणातून आणि घाटावरून, आमच्या साताऱ्या-सांगलीकडून पोटासाठी गेलेल्या माणसांनी भरलेलं. या बायकांच्या पेशी गोल्टी नव्हत्या. उलट नको इतक्या मोठ्या आणि संख्येनं थोड्या, मॅक्रोसायटिक. विल्सबाईंनी आधी जंतू शोधले, सापडले नाहीत. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला: कोणत्या घरात कोण काय खातं? ज्यांच्या ताटात भाजी-फळं जवळजवळ नव्हती, त्यांच्यात आजार जास्त. उंदरांवर, माकडांवर प्रयोग झाले, आणि अखेर एक माकड सुधारलं ते मार्माइटवर. मार्माइट म्हणजे बिअर केल्यावर उरलेल्या यीस्टपासून केलेला काळा, चिकट, खारट पदार्थ. इंग्रज तो पावाला लावून खातात आणि तो आवडतो असं म्हणतात. तो या बायकांना दिला आणि त्या बऱ्या होऊ लागल्या. १९३१मध्ये हे छापून आलं. त्यातलं नेमकं द्रव्य कोणतं ते कुणाला माहीत नव्हतं, म्हणून त्याला विल्स फॅक्टर म्हणत. १९४१मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं आणि पानावरून त्याचं नाव फॉलिक आम्ल पडलं. पुढं अमेरिकेत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटानं ते प्रयोगशाळेत तयार केलं. आशाताई आज दारोदार ज्या गोळ्या देतात, मुलांना गुलाबी, वयात येणाऱ्यांना निळ्या, गरोदर बायकांना लाल, त्यांत लोहाबरोबर हेच असतं.

इतकं सगळं होऊनही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय होता. आधीच्या पाहणीपेक्षा जास्तच. बाईचं हिमोग्लोबिन बाराच्या खाली, गरोदरपणी अकराच्या खाली, की रक्तक्षय. निम्म्याहून जास्त बायकांना तो असेल, तर घरातल्या बाईचं ‘जरा थकल्यासारखं होतंय’ हे वाक्य हवापाण्याच्या गप्पांत ढकलू नये, असं माझं मत आहे. तिचं ‘रक्ताचं’ करून घ्यावं, कागद आला की मधल्या ओळीही वाचाव्यात, आणि डॉक्टरांना दोन प्रश्न विचारावेत: पेशी लहान आहेत की मोठ्या, आणि तसं का झालं? गोळ्या सुरू केल्यावर आरडीडब्ल्यू आधी वाढलेला दिसला तर घाबरू नये. जुन्या बारीक मालात नवा भरदार माल येऊन मिसळतो म्हणून तसं होतं. बीट लाल आहे म्हणून त्यानं रक्त भरतं, यावर विसंबून राहू नये. आणि गोळी चहाबरोबर घेऊ नये, चहा लोहाला अडवतो. लोणंदच्या स्टँडवर चहा चांगला मिळतो हे मला मान्य आहे, पण त्याला एक-दोन तास थांबवा. गोळी लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या, आणि बरं वाटलं म्हणून तीन महिन्यांच्या आत, डॉक्टरांना न विचारता, ती बंद करू नका.